ज्याचे नाव घ्यायचे नाही तो!

तिन्हीसांजा झाल्या की आपल्याकडची जुनी माणसे सापाला साप म्हणत नाहीत. ‘लांबडे दिसले’ म्हणतात, नाहीतर नुसतेच ‘जनावर निघाले’ म्हणतात. घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. वाणी रात्री दुकान बंद करीत नाही, ‘वाढवतो’. सवाष्णीची बांगडीसुद्धा फुटत नाही, तीही ‘वाढते’. नाव घेतले की ती वस्तू समोर येऊन उभी राहते, अशुभ बोलले की अशुभ घडते, ही समजूत माणसाच्या मनात किती खोल रुजली आहे ते या साध्या शब्दांवरून दिसते. आपण शिकलेली माणसे त्याला हसतो, आणि दारातून पाऊल बाहेर टाकताना ‘येतो हं’ म्हणूनच निघतो.

पण आपल्याकडे निदान एवढे तरी आहे, की दिवस उजाडला की साप पुन्हा ‘साप’ होतो. रात्रीपुरते त्याचे नाव झाकले जाते, मरत नाही. युरोपच्या उत्तरेकडच्या अरण्यात एका जनावराच्या बाबतीत मात्र नाव झाकता झाकता ते कायमचे मेले. रशियन, युक्रेनी, पोलिश, चेक, स्लोव्हाक, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, बल्गेरियन अशा ज्या भाषांना मिळून ‘स्लाव्ह’ भाषा म्हणतात आणि ज्या आज सुमारे ३० कोटी माणसांच्या तोंडी आहेत, त्या सगळ्या कुळात अस्वलाचे खरे नाव आज कोणालाच ठाऊक नाही. ठाऊक आहे ते टोपणनाव. आणि त्या टोपणनावाची गंमत अशी, की शाळेत संधिप्रकरण घोकलेल्या कोणत्याही मराठी माणसाला ते फोडून दाखवता येईल. खुद्द रशियन माणसाला मात्र सहसा येत नाही!

हरवलेला ऋक्ष

आधी खऱ्या नावाची कथा. संस्कृतात अस्वलाला ‘ऋक्ष’ म्हणतात. रामायणातला जांबवान म्हणून तर ऋक्षराज. या ऋक्षाचे भाऊबंद फार दूरवर पसरलेले आहेत. ग्रीकांचा ‘आर्क्तोस’ तोच, रोमनांचा ‘उर्सुस’ तोच, आर्मेनियन भाषेतला ‘आर्ज’ तोच, वेल्श भाषेतला ‘आर्थ’ही तोच. आशिया मायनरमध्ये तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी नांदून गेलेल्या हित्ती लोकांच्या मातीच्या विटांवरही तो सापडला. उत्तर ध्रुवाच्या प्रदेशाला ‘आर्क्टिक’ म्हणतात तेसुद्धा या आर्क्तोसवरूनच, कारण त्या दिशेला आकाशात ग्रीकांना अस्वल दिसे. आपल्याकडे त्याच ताऱ्यांना सप्तर्षी म्हणतात. पण शतपथ ब्राह्मणात स्पष्ट सांगितले आहे की सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असत. म्हणजे आपल्याही पूर्वजांनी ते अस्वल आकाशात पाहिले होते, पुढे त्याचे ऋषी झाले एवढेच.

आपल्या बाजूला हा शब्द चांगला जगला. प्राकृतात त्याचे ‘अच्छ’ आणि ‘रिच्छ’ झाले, हिंदीत ‘रीछ’ झाला, जुन्या मराठीत ‘रीस’ होता. आपले ‘अस्वल’सुद्धा ‘अच्छभल्ल’ या जोडशब्दातून आले असे व्युत्पत्तिकार सांगतात. त्यातले पहिले अक्षर म्हणजे ऋक्षाचाच झिजून उरलेला तुकडा. (दुसऱ्या अर्ध्या भागातला ‘भल्ल’ किंवा ‘भल्लूक’ हा ‘भद्र’ म्हणजे ‘भला’ या शब्दाशी जोडावा असा काहींचा तर्क आहे. तो खरा असेल तर आपणही त्या केसाळ महाराजांना घाबरून ‘भले गृहस्थ’ म्हणत होतो असे व्हायचे!)

आता उत्तरेकडे चला. लिथुएनिया आणि लात्व्हिया येथे संस्कृतशी विलक्षण जवळीक असलेल्या भाषा बोलतात, पण तिथे ऋक्ष नाही. तिथे ‘लोकीस’ आणि ‘लात्सिस’ अशी अगदी वेगळी नावे. जर्मन, इंग्रज, स्वीडिश वगैरे मंडळींकडे नाही. त्यांचा ‘बेअर’ किंवा ‘ब्योर्न’ म्हणजे काहींच्या मते ‘तपकिरी’, काहींच्या मते नुसताच ‘रानटी जनावर’. आणि स्लाव्हांकडे तर त्याचा मागमूसही नाही. दक्षिणेकडे, जिथे अस्वल डोंगरात कधीमधी दिसायचे, तिथे खरे नाव टिकले. उत्तरेकडच्या अरण्यात, जिथे ते रोजचे शेजारी होते, तिथे ते नाहीसे झाले. ही गोष्ट योगायोगाची नाही असे फ्रेंच भाषापंडित आन्त्वान मेये यांनी १९०६ साली एका छोट्याशा निबंधात मांडले. शिकारी माणूस रानात ज्याचे नाव घ्यायला धजत नाही, त्याचे नाव त्याच्या मुलाच्या कानावर पडत नाही. मुलाच्या कानावर पडले नाही की नातवाला ते ठाऊकच नसते. दोन-तीन पिढ्यांचे काम!

हे सारे अनुमान आहे हे खरे. त्या शिकाऱ्यांनी काही लिहून ठेवलेले नाही. पण एक नव्हे, शेजारशेजारच्या तीन भाषाकुळांनी एकाच जनावराचे एकच नाव टाकून द्यावे आणि लांडगा, मधमाशी, गाय यांची नावे मात्र सांभाळून ठेवावीत, याला भीतीवाचून दुसरे कारण मला तरी दिसत नाही. त्यांच्या पलीकडचे फिन लोक तर अगदी वेगळ्या वंशाची भाषा बोलतात. पण त्यांनीही अस्वलाला टोपणनावांनीच बोलावले. त्यांच्या अनेक नावांपैकी एक ‘मेसिकॅम्मेन’, म्हणजे ‘मधाच्या पंजाचा’.

लिथुएनियन भाषेत मात्र एक चमत्कारिक अवशेष उरला आहे. अस्वलाच्या गुहेला तिथे ‘इर्श्तवा’ म्हणतात, आणि हा शब्द ऋक्षाच्याच घराण्यातला असावा असे पुष्कळ पंडित मानतात. मालकाचे नाव गेले, घराचे राहिले. गुहेचे नाव घ्यायला कोणी भ्याले नसावे.

तारकेखालचा शब्द

मग स्लाव्हांनी अस्वलाला काय म्हटले? या प्रश्नाचे उत्तर ज्या रूपात देतात त्याच्या डोक्यावर छापताना एक बारीकशी तारका असते: *मेद्वेदि. शेवटचा इकार अगदी तोकडा, जिभेवर आला न आला असा. ही तारका सजावटीची नव्हे. ‘हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, लेकरांच्या चेहऱ्यांवरून आम्ही आजोबांचे चित्र काढले आहे,’ अशी ती कबुली आहे.

कारण मूळ स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या लोकांना लिपी नव्हती. सहाव्या शतकात बायझंटाइन साम्राज्याच्या सरहद्दीवर धडका मारणारे लोक म्हणून त्यांची नावनिशी इतिहासात येते, आणि त्यांच्या भाषेत पहिली पुस्तके लिहिली जातात ती सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ ८६३ साली मोराव्हियात धर्मप्रचाराला गेले त्यानंतर. तोवर भाषेच्या फांद्या फुटायला लागल्या होत्या. त्यामुळे मूळ शब्द शोधायचा तर फांद्यांवरून खोडाकडे यायचे. प्रत्येक भाषेत कोणता वर्ण कोणत्या नियमाने बदलतो ते आधी ठरवायचे, आणि तो हिशेब उलटा मांडायचा.

हा उलटा हिशेब मांडण्याची आणि त्यावर तारका लावण्याची शिस्त घालून दिली ती आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने. त्याचा जन्म १८२१ चा. काही वर्षे तो प्राग येथे अध्यापक होता आणि स्लाव्ह भाषा त्याच्या खास आवडीच्या. या गृहस्थाला आपल्या शास्त्राचा इतका विश्वास, की १८६८ साली, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, त्याने मेंढी आणि घोडे यांची एक छोटी कथा संस्कृत-ग्रीकांच्या त्या लुप्त आजीच्या भाषेत लिहून काढली. पुढच्या पंडितांनी तिच्यात इतक्या दुरुस्त्या केल्या, की ती आज त्यालाही ओळखू येणार नाही. पण तारका राहिली.

आता शब्द फोडू. पहिला भाग ‘मेदु’. मध! आपला ‘मधु’च, नुसता महाप्राण गळालेला. रशियनांचा ‘म्योद’, पोलिशांचा ‘म्यूद’, चेक आणि सर्बांचा ‘मेद’, लिथुएनियनांचा ‘मेदुस’ हे सगळे त्याचे वंशज. (हा शब्द म्हणजे मोठा प्रवासी. फिन भाषेतला ‘मेसि’ त्याचाच. चिनी भाषेत मधाला ‘मी’ म्हणतात, तोही मध्य आशियातल्या तोखारी लोकांकडून तिकडे गेलेला मधूच.) दुसरा भाग ‘एद’, म्हणजे खाणे. संस्कृतातला ‘अद्’ धातू. ‘अन्न’ हा शब्द या धातूचा, म्हणजे जे खाल्ले जाते ते. रशियन माणूस जेवणाला ‘येदा’ म्हणतो, चेक माणूस ‘यीद्लो’ म्हणतो, ते याच धातूवरून.

मेदु अधिक एद. मध खाणारा.

पण ‘मेदुएद’ होत नाही, ‘मेद्वेद’ होते. मधला ‘व’ कुठून आला? वाचकहो, आता शाळेतला फळा डोळ्यांसमोर आणा. सु अधिक आगत, स्वागत. मनु अधिक अंतर, मन्वंतर. उकारापुढे विजातीय स्वर आला की उकाराचा वकार होतो. मधु अधिक अद, मध्वद! नेमका हाच वकार त्या बर्फाळ अरण्यातल्या अडाणी शिकाऱ्यांच्या तोंडी आहे. त्यांना पाणिनी ठाऊक नव्हता, पण पाणिनीने ज्या जिभेच्या सवयी सूत्रात बांधल्या त्या त्यांच्याही होत्या.

आणि ‘मध्वद’ हा शब्द मी येथे बनवला असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. तो ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलातले १६४ वे सूक्त दीर्घतमस् ऋषीचे, कोड्यांनी भरलेले. त्यात एका झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांना ‘मध्वद’ हे विशेषण लावलेले आहे. पुढे कठोपनिषदात तोच शब्द कर्मफळाचा गोडवा चाखणाऱ्या जीवाला लावला गेला. एकाच शब्दाचे दोन नशीब पाहा. इकडे तो उपनिषदात जाऊन जीवात्मा झाला, तिकडे पोलंडच्या जंगलात झाडावर चढून मधाचे पोळे ओरबाडू लागला. दोन्हीकडचे पूर्वज एकत्र होते तेव्हापासून हा जोडशब्द चालत आला असे मात्र कोणी समजू नये. इकडे तो पक्ष्याला, तिकडे अस्वलाला. बहुधा दोघांनी आपापल्या घरी, एकाच वडिलोपार्जित लाकडातून, आपापली खुर्ची बनवली असावी. पण लाकूड एक आणि सुताराचा हातही एकच वळणाचा.

मधाचे झाड आणि टांगलेला ओंडका

‘मध खाणारा’ हेच नाव का पडले? ‘तपकिरी’ म्हणता आले असते, ‘केसाळ’ म्हणता आले असते. त्याचे कारण त्या लोकांच्या पोटात आहे.

साखर युरोपात सामान्यांच्या घरी फार उशिरा आली. तोवर गोड म्हणजे मध. मधाची दारू, मेणाच्या मेणबत्त्या, औषध सारे तिथूनच. कीव्हच्या जुन्या बखरीत ९६९ सालच्या नोंदीत राजा स्व्यातोस्लाव्ह दूरदूरचा माल मोजतो. त्यात रशियाच्या बाजूने येणारा माल म्हणजे कातडी, मेण, मध आणि गुलाम. एवढा मध पेटीतल्या माशांचा नव्हे. रानातल्या जाड, उंच, जुन्या पाइन किंवा ओकच्या झाडाला जमिनीपासून पुष्कळ वर कोरून पोकळी करायची, तीत मधमाश्या वसू द्यायच्या आणि वर्षातून एकदा दोर लावून चढून थोडा मध काढायचा, अशी ती रीत. अशा झाडावर कुऱ्हाडीने मालकाची खूण कोरलेली असे. जुन्या रशियन कायद्यात ही खूण तोडणाऱ्याला, दुसऱ्याचे मधाचे झाड पाडणाऱ्याला दंड सांगितला आहे. झाड बापाकडून मुलाकडे जाई. पोलंड आणि बेलारूसमध्ये ही विद्या अजून जाणणारी माणसे आहेत. २०२० साली युनेस्कोने ती मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

आता या झाडावर मालकाखेरीज आणखी कोणाचा डोळा असणार? दोन-तीनशे किलो वजनाचा तो गृहस्थ माणसापेक्षा चपळाईने झाडावर चढतो. त्याच्या अंगावरच्या केसांत माश्यांचा डंख शिरत नाही. त्याला नुसता मध नको असतो, माश्यांची पिले, मेण, सारे पोळेच हवे असते. एका रात्रीत वर्षाचे उत्पन्न फस्त! (एरवी त्याचे पोट भरते ते मुळांवर, बोरांवर आणि किड्यांवर, मध ही त्याची चैन. पण ज्याची चोरी होते तो चोराला त्याच चोरीवरून ओळखतो.)

त्याला अडवण्यासाठी शेतकऱ्यांनी एक युक्ती काढली होती, आणि ती वाचून हसावे की कीव करावी ते समजत नाही. पोकळीच्या तोंडासमोर दोराने एक जड ओंडका टांगायचा. अस्वल चढून येते, ओंडका आड येतो म्हणून पंजाने बाजूला सारते. ओंडका झोका घेऊन परत येतो आणि बसतो टोला. अस्वल चिडते, अधिक जोराने ढकलते. ओंडका अधिक जोराने परत येतो. असे चिडता चिडता शेवटी ते स्वतःच्याच ताकदीचा मार खाऊन खाली कोसळते. झाडाखाली काही वेळा अणकुचीदार खुंट पुरलेले असत.

तर हे शेजारपण असे होते. एकाच झाडावर दोघांचा हक्क, एकाच्या हाती दोर आणि कुऱ्हाड, दुसऱ्याच्या पंजात बळ. अशा शेजाऱ्याचे नाव रानात मोठ्याने कोण घेईल? ‘तो मध खाणारा’ म्हणायचे, समजणारा समजतो.

वंशावळ

त्या एका *मेद्वेदिची मुले-नातवंडे आता युरोपभर आहेत. रशियन ‘मेद्वेद’, चेक ‘मेद्व्येद’, स्लोव्हाक ‘मेद्वेद’, स्लोव्हेनियन आणि सर्बियन ‘मेद्वेद’, क्रोएशियन ‘मेद्व्येद’. बेलारूसच्या तोंडी त्याचे ‘म्याद्झ्वेद्झ’ होते. जर्मनीच्या पूर्व कोपऱ्यात सोर्ब नावाचे मूठभर स्लाव्ह लोक आपली भाषा सांभाळून आहेत, त्यांच्याकडेही तो आहे. हंगेरियन लोक तर मुळात स्लाव्ह नव्हेत, आर्यभाषिकही नव्हेत; पण शेजाऱ्यांकडून शब्द घेऊन तेही अस्वलाला ‘मेद्वे’ म्हणतात. क्रोएशियाची राजधानी झाग्रेब जिच्या पायथ्याशी आहे त्या डोंगररांगेचे नाव मेद्वेद्नित्सा, आणि तिच्यावर तेराव्या शतकातला किल्ला आहे मेद्वेदग्राद, म्हणजे आपला अस्वलगडच म्हणा.

पोलिशांचे मात्र विचित्र झाले. जुन्या पोलिशमध्ये ‘म्येज्व्येज’ होते. आज ते म्हणतात ‘न्येज्व्येज’. आरंभीच्या म चा न झाला आणि मध कायमचा उडाला. आता पोलिश मुलाला त्या नावात मधाचा थेंबही सापडत नाही.

युक्रेनी लोकांनी त्याहून मोठी करामत केली. त्यांनी शब्दच उलटा केला: ‘वेद्मिद’! याचे कारण समजण्यासारखे आहे. मधला तो संधीचा वकार कालांतराने कोणालाच उमगेना, कारण एकट्या ‘मेद’ या शब्दाच्या टोकाचा उकार तोवर झडून गेला होता. मग लोकांनी शब्द चुकीच्या ठिकाणी तोडला. मेद्व-एद असा तोडायचा तो मेद-वेद असा तोडला. आणि ‘वेद’ म्हणजे स्लाव्ह भाषांत काय? जाणणे! आपला वेद, विद्या, विद्वान ज्या धातूचे, त्याच धातूचे रशियन ‘वेदात’ म्हणजे जाणणे, आणि ‘वेद्मा’ म्हणजे जाणती बाई, चेटकीण. अशा रीतीने मध खाणारा हा ‘मध जाणणारा’ झाला, मधाचा वेदज्ञ! रशियात रस्त्यावरच्या माणसाला विचारले तर अजूनही तो बहुधा हेच सांगेल, की ज्याला मध कुठे आहे ते ठाऊक तो मेद्वेद. अर्थ चुकीचा असला तरी अस्वलाचा मान वाढवणारा आहे यात शंका नाही. आणि एकदा ‘वेद’ ऐकू आल्यावर तो पुढे आणून ‘वेद्मिद’ म्हणायला युक्रेनी जिभेला कितीसा वेळ लागणार?

अशीच एक चूक फार लोकप्रिय आहे, तिचीही विल्हेवाट येथेच लावतो. अस्वलाच्या बिळाला रशियनमध्ये ‘बेर्लोगा’ म्हणतात. त्यातला ‘बेर’ हेच स्लाव्हांचे गुप्त, खरे नाव, आणि बेर्लोगा म्हणजे ‘बेराची गुहा’, असे मोठ्या गूढ आवाजात सांगणारे लेखक तिकडे पुष्कळ आहेत. ऐकायला छान वाटते. पण ‘बेर’ हा जर्मन मंडळींचा शब्द आणि तोही टोपणनावच. शिवाय पोलिशमध्ये हाच ‘बार्वूग’ म्हणजे नुसता अंथरलेला कचरा-पेंढा. गूढ काही नाही. हरवले ते हरवले. लिथुएनियातल्या गुहेने जे जपले ते रशियातल्या गुहेने जपले नाही.

टोपणनावाचे टोपणनाव

आता खरी मौज पुढे आहे. टोपणनाव फार वर्षे वापरले की तेच नाव होते. आणि ते नाव झाले की त्याचीही भीती वाटू लागते! रशियन शेतकऱ्याला ‘मेद्वेद’ म्हणायचीही चोरी झाली. मग त्याने नवी नावे शोधली. ‘खझ्याइन’ म्हणजे मालक, यजमान. ‘कोसोलापी’ म्हणजे वाकड्या पावलांचा. ‘तोप्तीगिन’ म्हणजे धपधप चालणारा. आणि सर्वांत लाडके ‘मीशा’ किंवा ‘मीश्का’, म्हणजे आपल्याकडे मिखाइलला जसे घरी म्हणतील तसे. पण जंगलात भेटलेल्या थोराला नुसते घरगुती नाव घेऊन कसे चालेल? रशियन रीतीप्रमाणे आदराने बोलावायचे तर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावावे लागते. म्हणून तो झाला मिखाइल पोतापिच, म्हणजे पोतापचा मुलगा मिखाइल. टॉलस्टॉयने १८७५ साली मुलांच्या वाचनपुस्तकासाठी तीन अस्वलांची गोष्ट सांगितली, तीतही अस्वलाचे नाव मिखाइल इव्हानिच, त्याच्या बायकोचे नस्तास्या पेत्रोव्हना आणि पिलाचे मिशूत्का. आपण वाघाला ‘रावसाहेब’ म्हणावे तसेच हे.

भीती कमी होत गेली तसा शब्द मात्र वाटेल तिथे फिरू लागला. चेकॉव्हने १८८८ साली एक छोटे प्रहसन लिहिले, त्याचे नाव ‘मेद्वेद’. त्यात जनावर कोणी नाही, अंगावर धावून येणारा एक कर्जवसुलीवाला जमीनदार आहे. रशियनांत ‘अस्वलाचा कोपरा’ म्हणजे जिथे पोस्टसुद्धा पोचत नाही असे आडगाव. शेतातली मुळे कुरतडणारा एक किडा आहे, त्याचे नाव ‘मेद्वेद्का’. आणि चोरांच्या भाषेत ‘मेद्वेझात्निक’, म्हणजे एरवी अस्वलाचा शिकारी, तो झाला तिजोरी फोडणारा! २००८ ते २०१२ या काळात रशियाचे अध्यक्ष होते द्मित्री मेद्वेदेव्ह; त्या आडनावाचा अर्थ ‘मेद्वेदचा’. म्हणजे त्यांच्या कोणा पणजोबाला गाव मेद्वेद म्हणत असणार.

याच घराण्यातला एक वाक्प्रचार मात्र थेट आपल्याकडून गेलेला आहे. कोणी चांगल्या हेतूने मदत करायला जाऊन घात केला, तर रशियन म्हणतात ‘मेद्वेज्या उस्लुगा’, अस्वलाची सेवा. ही क्रिलोव्हच्या एका पद्यकथेतून आली. एकटा राहणारा माणूस आणि अस्वल यांची मैत्री होते. माणूस झोपला असता त्याच्या तोंडावर माशी बसते, अस्वल धोंडा उचलून माशीला मारते आणि मित्राचा कपाळमोक्ष करते. वाचकांनी ही गोष्ट ओळखली असेल. पंचतंत्रातला राजा आणि त्याचा तलवार घेतलेला माकड-सेवक! पंचतंत्र पहलवीत गेले, तिथून अरबीत, फारसीत, आणि ‘पिल्पे’ नावाच्या ऋषीच्या गोष्टी म्हणून फ्रान्सला पोचले. या प्रवासात कुठेतरी माकडाचे अस्वल झाले. ला फोंतेनने ती सतराव्या शतकात फ्रेंचमध्ये सांगितली आणि क्रिलोव्हने पुढे रशियनमध्ये. राजवाड्यातल्या माकडाला रशियन रानात गेल्यावर दुसरे सोंग घ्यावेच लागले असते म्हणा.

१९८० साली मॉस्कोत ऑलिंपिक सामने झाले तेव्हा त्यांचे शुभचिन्ह होते हसरा, गुबगुबीत मीशा. ३ ऑगस्टला समारोपाच्या रात्री त्याची प्रचंड मूर्ती फुग्यांना बांधून आकाशात सोडली. स्टेडियममधली माणसे रडत होती. ज्याच्या नुसत्या नावाने पूर्वजांची दातखीळ बसत असे, त्याला निरोप देताना!

राहता राहिले बल्गेरियन आणि मॅसेडोनियन. ते मेद्वेद म्हणत नाहीत, ‘मेच्का’ म्हणतात. हे मेद्वेदचेच लाडिक, तुकडा पाडलेले रूप असावे असा सर्वसाधारण समज आहे. म्हणजे टोपणनावाचे टोपणनाव तिथे पक्के नाव होऊन बसले आणि मेद्वेद मागे पडला. बाल्कनच्या डोंगरांत अजून अस्वले आहेत. ३० नोव्हेंबरला तिथे संत आंद्रेयचा सण असतो, आणि लोककथांत हा संत अस्वलावर बसून फिरतो, म्हणून खेड्यांत त्या दिवसाला ‘मेच्किन देन’, मेच्काचा दिवस, असेही म्हणतात. घरची म्हातारी त्या दिवशी मका, गहू, शेंगदाणे नव्हे पण घेवड्याचे दाणे, मसूर असे सारे एकत्र उकडते. घरच्यांनी खायच्या आधी त्यातली एक मूठ ती चुलीच्या धुराड्यातून वर उडवते. ती मूठ अस्वलाची. एवढे दिले की ते वर्षभर गुरांच्या आणि मक्याच्या शेताच्या वाटेला जात नाही, असा विश्वास. मग बाकीचे दाणे ताटल्यांत वाढले जातात आणि शेजारीपाजारी वाटले जातात.